घरी पहिल्यांदाच लागर : तीस तास झाले, एक बुडबुडा नाही

खटपट्या (मिनिॲपोलिस)
१२ जानेवारी २०२५, रात्री १०:१०

मंडळी, आजवर घरी बिअरचे पाच घाणे काढले आणि पाचही एलचे, म्हणजे उबेत आंबणाऱ्या बिअरचे. एलचं बरं असतं. खोलीतल्या उबेत चार-पाच दिवसांत आंबून मोकळी होते आणि थोडं चुकलं तरी फुकट पिणारा काही बोलत नाही. यंदा थंडी कडक पडली, एक जुना फ्रीज चाळीस डॉलरला मिळाला, म्हणून म्हटलं लागर, म्हणजे थंडीत आंबवून थंडीतच मुरवायची बिअर, करूनच बघू. काल केली. यीस्ट टाकून तीस तास झाले आणि एअरलॉक (झाकणावरची नळी, आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडते, हवा आत घेत नाही) ढिम्म. सासूसासरे सांगलीहून आलेत. बायको म्हणते, त्यांच्यासमोर बादलीला कान लावून बसू नकोस.

काय केलं ते सांगतो, म्हणजे कुठे शेण खाल्लं ते तुम्हाला सांगता येईल.

वीस लिटरचा हिशोब. पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेली फिकी बार्ली) साडेचार किलो, दुसरं कुठलंच धान्य नाही. दुकानातच भरडून घेतलं. पीठ नको, भरड हवी. टरफल शक्यतो अख्खं राहिलं पाहिजे. मोठ्या पातेल्यात २८ लिटर पाणी ६९ अंशांवर नेलं, त्यात कापडी पिशवी सोडली, पिशवीत भरड. तापमान ६६ वर बसलं. पातेल्याला दुलई गुंडाळून एक तास. मग आयोडीनचा थेंब टाकून पाहिला, निळा झाला नाही, म्हणजे स्टार्चची साखर झाली. पिशवी चक्का टांगतात तशी टांगली आणि हात भाजत पिळली.

उकळी ९० मिनिटं, झाकण न ठेवता. सुरुवातीच्या अर्ध्या तासानंतर साझ जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) ६० ग्रॅम, शेवटची पंधरा मिनिटं राहिली असताना आणखी ३०. मग तांब्याच्या नळीचं वेटोळं सोडून गार केलं. इथे जानेवारीत नळाचं पाणी इतकं थंड येतं की वीस मिनिटांत उकळतं वर्ट (धान्याचं गोड पाणी, अजून न आंबलेलं) १० अंशांवर आलं. बाहेर पडणाऱ्या पाण्याची नळी मात्र मी हुशारीनं गाडीच्या उतारावर सोडली होती. सकाळी तिथे स्केटिंगचं मैदान तयार. मीठ मारून मारून हात दुखले.

हायड्रोमीटर (साखरेचा अंदाज देणारं मापक, आंबेल तसा आकडा उतरतो) १.०४८. यीस्ट लागरचं, डब्ल्यू-३४/७०, कोरडी पुडी, वरून भुरभुरली. फ्रीजला तापमान-नियंत्रक लावलाय, १२ अंशांवर. स्वच्छतेत कसूर नाही, सगळं स्टार सॅनमध्ये (निर्जंतुक करायच्या द्रावणात) बुडवून घेतलं.

प्रश्न एकच. आणखी यीस्ट टाकू की थांबू?

---

काणकोणकार
१३ जानेवारी, सकाळी ९:५५

आमच्या आजोबांना हायड्रोमीटर ठाऊक नव्हता. काजूची बोंडं तुडवली, रस मडक्यात भरला, तीन दिवसांनी भाटीवर चढवला. यीस्ट कोणी टाकलं? कोणीच नाही. बोंडावरच असतं. पहिल्या धारेची उर्राक, पुन्हा उकळली की फेणी. तुम्ही लोक एका पुडीसाठी जागता.

(गंमत करतोय. थांबा, येईल.)

---

मोडआलेली_मटकी (ब्रिस्टल)
१३ जानेवारी, दुपारी १:२०

खटपट्या, दोन गोष्टी.

एक म्हणजे बुडबुडा हा पुरावा नाही. प्लास्टिकच्या बादलीचं झाकण बारीकसं जरी गळत असेल तर वायू कडेनं जातो आणि एअरलॉक शेवटपर्यंत गप्प बसतो. माझ्या एका बादलीनं अख्खा घाणा एकही बुडबुडा न काढता आंबवला होता. झाकण उचलून बघू नका. टॉर्च बादलीच्या भिंतीला लावा, फेसाची सावली दिसते.

दुसरं, पुडी एकच टाकलीत का? तुम्ही "पुडी" लिहिलंय, "पुड्या" नाही, म्हणून विचारते. साडेअकरा ग्रॅमची एक पुडी वीस लिटर एलला पुरते. लागरला बनवणाऱ्या कंपनीनेच शंभर लिटरला ८० ते १२० ग्रॅम सांगितलंय, म्हणजे तुम्हाला १६ ते २३-२४ ग्रॅम. दोन पुड्या. थंडीत दही लावताना विरजण जास्त घालतो की नाही? तेच आहे हे. १० अंशांवर यीस्ट झोपेत काम करतं, मग माणसं जास्त लावावी लागतात.

४८ तासांत काहीच हललं नाही तर दुसरी पुडी टाका. तोवर झोपा.

---

वर्धेचा_वाचक
१३ जानेवारी, दुपारी २:०५

आमचा जिल्हा कोरडा आहे भाऊ. आमी फक्त वाचून राह्यलो. चालू द्या.

---

पुणेरी_पाटी
१३ जानेवारी, दुपारी ४:३०

माहितीपूर्ण धागा. पुण्यात घरी करता येईल का? आमचाही एक फ्रीज रिकामाच असतो.

---

रसायनी (ठाणे)
१३ जानेवारी, रात्री ८:१५

@पुणेरी_पाटी, नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि विनापरवाना मद्य तयार करणं त्यात गुन्हा आहे. "घरच्यापुरतं" अशी पळवाट नाही. फ्रीजमध्ये कैरीचं पन्हं ठेवा.

@खटपट्या, मी करत नाही, पण आंबवण्याची रसायनं शिकवते, त्यामुळे बोलायला मोकळी. ९० मिनिटं उघड्यावर उकळलंत हे फार चांगलं केलंत. पिल्सनर माल्ट अगदी मंद आचेवर वाळवलेलं असतं, म्हणून रंग फिका. पण त्यामुळे त्यात एस-मिथिल मेथिओनिन शिल्लक राहतं आणि तापवल्यावर त्यातून डायमिथिल सल्फाइड सुटतं. ते वाफेबरोबर गेलं तर ठीक. झाकण ठेवलं की परत पातेल्यात. मग बिअरला उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास.

आता पुढचं ऐका. लागरचं यीस्ट आंबताना गंधकाचा वायू सोडतं. सडक्या अंड्यासारखा वास येईल. कमी यीस्ट टाकलं असेल तर जास्तच. बिअर बिघडलेली नसते, तो वास जातो. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

---

खटपट्या
१४ जानेवारी, सकाळी ७:०५

मटकीताई, नेमकं पकडलंत. एकच पुडी. पाच एलची सवय.

काल ऑफिसातून येताना दुसरी पुडी घेऊन आलो, ओटा पुसला, कात्री उकळत्या पाण्यातून काढली आणि टॉर्च लावून पाहतो तर कडेला साबणाच्या फेसासारखी पांढरी किनार! ५० व्या तासाला. पुडी फ्रीझरमध्ये टाकली. आता एअरलॉक दर चार सेकंदांनी एक "बुळुक" म्हणतो. हा आवाज ऐकून झोप लागते, खरंच सांगतो.

पुणेरी, इथेही हे फार जुनं नाही. घरी बिअर करायला देशपातळीवर मोकळीक मिळाली ती १९७८ च्या कायद्यानं, सही जिमी कार्टर यांची. परवाच गेले बिचारे, शंभराव्या वर्षी. घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. विकायची मात्र नाही.

---

मोडआलेली_मटकी
१४ जानेवारी, दुपारी ३:४०

इंग्लंडात १९६३ पर्यंत घरच्या बिअरलाही परवाना काढावा लागायचा. आता विचारत नाहीत.

चोथ्याचं काय केलंत? साडेचार किलो भरडीचा ओला चोथा म्हणजे अर्धी बादली सहज.

---

खटपट्या
१४ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

सासूबाईंनी "एवढं धान्य टाकतोस?" म्हणून मला कचऱ्याच्या डब्यापाशीच अडवलं. ओव्हनमध्ये वाळवून दळलं, भाजणीत चौथा हिस्सा मिसळून थालीपीठ लावलं. चव खमंग, रंग सुरेख, पण टरफलांचे काटे दातांत. सासरे म्हणाले, "आमच्याकडे हे म्हशीला घालतात." आणि दुसरं मागितलं.

---

एर्लांगेनकर
१५ जानेवारी, रात्री ११:५०

धागा आमच्या अंगणात आला म्हणून लिहितो. जर्मनीत नऊ वर्षं झाली, त्यातली सहा एर्लांगेनमध्ये. इथे बुर्गबेर्ग नावाची टेकडी आहे, तिचं पोट वालुकाश्माचं आणि आतून पोखरलेलं. लांबच लांब भुयारं. भर जुलैत आत गेलं तर अंगावर काटा येतो. यंत्रं नव्हती तेव्हा बिअरची पिंपं इथे आणून ठेवायचे. जर्मनमध्ये "लागर्न" म्हणजे साठवून ठेवणं. नावातच सगळी कृती आली. कोठारात नेऊन ठेवा आणि विसरा. याच टेकडीवर १७५५ पासून उन्हाळ्यात जत्रा भरते, बेर्गकिर्शवाय. तळघरांच्या दारातच बाकं टाकून लोक पितात. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं आपल्या जेजुरीसारखी चढण असेल. आहे, पण पायऱ्या कमी आणि उतरताना त्रास जास्त.

आमच्या या बव्हेरियात (जर्मनीचं दक्षिणेकडचं राज्य) १५५३ मध्ये फर्मान निघालं की बिअर फक्त २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात करायची. उन्हाळ्यात केलेली आंबट होऊन बिघडायची, हे कारण. परिणाम मात्र असा झाला की पिढ्यान् पिढ्या थंडीतच बिअर केली गेली आणि थंडीत टिकणारं, तळाशी बसणारं यीस्ट आपोआप निवडलं गेलं. कोणी ठरवून केलं नाही.

आणि तुम्ही जी सोनेरी करताय ती बव्हेरियाची नाहीच, शेजारच्या बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातली. पिल्झन गावात योसेफ ग्रोल नावाच्या ब्रूमास्टरनं ५ ऑक्टोबर १८४२ ला पहिला घाणा लावला. ग्रोल बव्हेरियाचा, यीस्ट बव्हेरियाचं, पण पाणी, माल्ट आणि हॉप्स तिथलेच. पिल्झनचं पाणी फार मऊ, क्षार जवळजवळ नाहीतच. तुमचा कडवटपणा स्वच्छ येणार की जिभेवर खरखरणार हे निम्मं पाण्यावर आहे. पाणी कुठलं वापरलंत?

---

खटपट्या
१६ जानेवारी, सकाळी ६:५०

दुकानातलं आरओचं, त्यात चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड. नळाचं घेतलं नाही. एवढं एक तरी बरोबर केलं म्हणायचं.

---

रसायनी
१६ जानेवारी, दुपारी १२:१०

एर्लांगेनकरांच्या यीस्टची पुढची गोष्ट सांगते, मला ती फार आवडते. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट तयार केलं. तेव्हापासून प्रत्येक घाण्यात तेच यीस्ट टाकता येऊ लागलं. पण हे यीस्ट मुळात संकरित. एक पालक आपला नेहमीचा, पावाचा आणि एलचा. दुसरा, थंडी सोसणारा, कोण ते शंभराहून जास्त वर्षं कळेना. २०११ मध्ये तो सापडला, तोही युरोपात नव्हे तर दक्षिण अमेरिकेच्या टोकाला पॅटागोनियात, दक्षिणी बीचच्या झाडांवरच्या गाठींमध्ये. नंतर तिबेटातही मिळाला. म्हणजे खटपट्यांच्या बादलीत जे चाललंय त्याचं निम्मं आजोळ अजून वादात आहे.

---

खटपट्या
१९ जानेवारी, रात्री ११:३०

रसायनीताई, तुम्ही "घरच्यांना आधीच सांगून ठेवा" म्हणाला होतात. मी सांगितलं नाही.

आज दुपारची गोष्ट. बाहेर उणे वीसच्या आसपास. मी आणि बायको किराणा आणायला गेलो होतो. सासरे तळघरात कपडे वाळत घालायला उतरले. ते निवृत्त इंजिनिअर. आयुष्यभर पाण्याच्या पाइपांवर काम केलंय, गळती म्हटलं की कान टवकारतात. फ्रीजजवळ गेले आणि त्यांना वास आला. इथे घराघरात पाइपनं गॅस येतो आणि गळती कळावी म्हणून त्यात असाच घाणेरडा वास घातलेला असतो, हे त्यांना आम्हीच पहिल्या दिवशी बजावून सांगितलं होतं. त्यांनी दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. सासूबाईंना शेगडी बंद करायला लावली, माकडटोपी चढवली, दोघं बाहेर पडली आणि फ्रीजवर चिकटवलेल्या चिठ्ठीतल्या गॅसच्या तातडीच्या नंबरवर फोन केला. एकूण एक गोष्ट बरोबर केली. मी सांगितल्याप्रमाणेच.

आम्ही आलो तेव्हा दोघं शेजाऱ्यांच्या गाडीत बसलेली. गॅसवाला मीटर घेऊन आत. मीटर शून्य. तो तळघरभर फिरला, फ्रीजपाशी थांबला, दार उघडून नाक आत घातलं आणि माझ्याकडे वळून एकच शब्द म्हणाला, "लागर?"

मी मान हलवली. त्यानं कागदावर काहीतरी खरडलं. जाताना उतारावरच्या माझ्या बर्फावर त्याचा पाय सरकला, पडला नाही, पण वळून माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही.

सासरे संध्याकाळभर एक शब्द बोलले नाहीत. झोपायच्या आधी खाली गेले आणि एक वही घेऊन आले. समास आखलेला. तारीख, वेळ, फ्रीजमधलं तापमान, बादलीच्या भिंतीचं तापमान, वास. वासाच्या रकान्यात "तीव्र". म्हणाले, "ज्याच्यापायी मी अर्धा तास थंडीत बसलो, त्याची नोंद तर असू दे."

---

मोडआलेली_मटकी
२० जानेवारी, सकाळी ११:००

मी ऑफिसात हसतेय आणि कारण कोणाला सांगता येत नाही.

---

वर्धेचा_वाचक
२० जानेवारी, दुपारी ५:१५

मामाजी भारी हायेत बाप्पा. वही चालू ठेवा म्हना.

---

घाईत_आहे
२१ जानेवारी, रात्री १०:४०

एवढा सगळा फ्रीजचा खटाटोप कशाला? मी ऑस्टिनमध्ये हेच ३४/७० सरळ १८-१९ अंशांवर आंबवतो. तीन आठवड्यांत बाटलीत. कोणालाही फरक कळलेला नाही. लागर म्हणजे थंडी, ही जुनी समजूत आहे.

---

एर्लांगेनकर
२२ जानेवारी, रात्री १:१०

कोणाला कळलेला नाही की कोणी बोललं नाही?

थट्टा बाजूला. हे यीस्ट उबेतही बऱ्यापैकी स्वच्छ आंबतं हे मान्य. पण तुम्ही आंबवण्याचं तापमान वाढवलंत, साठवणीचं काय? नंतरचे चार-सहा आठवडे शून्याच्या आसपास ठेवल्यानं जी गोलाई येते ती उबेत येत नाही. इथे फ्रँकोनियात खेडोपाडी लहान ब्रुअरी आहेत, कुठेही विचारा, घाई केलेली बिअर पहिल्या घोटाला ओळखतात.

---

घाईत_आहे
२२ जानेवारी, सकाळी ८:३०

माझ्याकडे फ्रीज नाही हो. अपार्टमेंट आहे. जे जमतं ते करतो.

---

एर्लांगेनकर
२२ जानेवारी, रात्री ११:२०

मग अगदी योग्य करताय. माझे शब्द मागे.

---

खटपट्या
२ फेब्रुवारी, रात्री ९:००

ताजी बातमी. २६ जानेवारीला हायड्रोमीटर १.०१८ वर आला, तेव्हा तापमान १२ वरून १७ पर्यंत चढवलं. आज १.०१०. म्हणजे दारूचं प्रमाण जवळपास पाच टक्के. वहीत वासाचा रकाना "तीव्र" वरून "मध्यम" आणि परवापासून "किंचित".

मी थेट गार करायला निघालो होतो, पण मटकीताईंनी व्यक्तिगत निरोपातून लोण्याची चाचणी करायला सांगितली. दोन ग्लासांत थोडी थोडी बिअर घेतली, वर फॉइल. एक ओट्यावर ठेवला, दुसरा ६० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं, मग गार करून दोन्ही नाकाशी. ओट्यावरचा ग्लास : पाव, थोडं गवत, ठीक. तापवलेला ग्लास : चित्रपटगृहाच्या दारातला पॉपकॉर्न. मला वाटलं भास, म्हणून बायकोला डोळे मिटून वास घ्यायला लावला. म्हणाली, "अमूल?"

आता काय? एका ग्लासात आहे आणि एकात नाही, हे कसं?

---

रसायनी
३ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

दोन्हींत आहे, एकात लपलेलं. यीस्ट वाढताना अल्फा-ॲसिटोलॅक्टेट नावाचं द्रव्य बाहेर टाकतं, त्याला वास नसतो. ते हळूहळू आपणहून डायॲसिटिल होतं, तेच लोण्याचा वास. मग यीस्टच ते परत आत घेऊन निष्प्रभ करतं. तुम्ही ग्लास तापवला तेव्हा आठवड्यांचं काम वीस मिनिटांत झालं आणि लपलेलं उघड पडलं. आज गार केलीत तर यीस्ट झोपेल, लपलेलं द्रव्य मात्र बाटलीत सावकाश लोणी होत राहील. एप्रिलमध्ये उघडाल तेव्हा पॉपकॉर्न.

१७-१८ अंशांवरच राहू द्या. तीन-चार दिवसांनी पुन्हा तीच चाचणी. यीस्ट कमी पडलं होतं ना, म्हणून साफसफाईलाही वेळ लागतोय.

---

खटपट्या
८ फेब्रुवारी, रात्री ८:२०

परवा चाचणी पास. दोन्ही ग्लास सारखे. सासऱ्यांनीही वास घेतला (पीत नाहीत, पण नाक त्यांचं घरात सगळ्यांत तल्लख आहे, हे आता सिद्ध झालंय).

मग गार करताना पुन्हा एक वेंधळेपणा. रोज दोन-तीन अंश उतरवायचे ते मी एकदम १७ वरून २ केलं. बादलीतली हवा आकसली आणि एअरलॉकमधलं सगळं गुळगुळ करत आत ओढलं गेलं. नशीब, आत पाणी नव्हतं, व्होडका भरली होती. दोन चमचे व्होडका वीस लिटरमध्ये. आता एअरलॉक काढून तोंडाला स्टार सॅनमध्ये बुडवलेलं फॉइल गुंडाळलंय.

पुढचे चार आठवडे २ अंशांवर. हात लावणार नाही.

---

मोडआलेली_मटकी
८ फेब्रुवारी, रात्री १०:४५

लावाल.

---

खटपट्या
१६ फेब्रुवारी, दुपारी १२:००

नाही लावला. सासऱ्यांनी फ्रीजच्या दाराला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर सही केली आहे.

---

खटपट्या
८ मार्च, रात्री १०:१५

पट्टी आज सकाळी समारंभपूर्वक फाडली. बादलीत वरून पाहिलं तर तळ दिसेल की काय असं वाटावं इतकी नितळ. साडेसतरा लिटर निघाली, तळाला दोन बोटं यीस्टचा चिखल सोडून दिला.

मटकीताईंनी आधीच दम दिला होता : बाटलीत वायू धरावा म्हणून घालायची साखर वजन करूनच घालायची, चमच्यानं नाही. बिअर सर्वांत जास्त किती तापली होती त्यावर तिच्यात उरलेला वायू ठरतो. माझी १७-१८ पर्यंत गेली होती, म्हणून लिटरला सहा ग्रॅमच्या हिशोबानं १०५ ग्रॅम साखर, थोड्या पाण्यात उकळून. बाटल्या तपकिरीच घेतल्या. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीत उजेड लागला की हॉप्सचा कडवटपणा बिघडून स्कंक नावाच्या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा वास मारतो. ४८ बाटल्या भरल्या, बुचं मी दाबली, मोजणी सासऱ्यांनी केली. आता तीन आठवडे पांघरुणांच्या कपाटात, २० अंशांवर.

---

मोडआलेली_मटकी
९ मार्च, सकाळी ९:३०

बाटल्या खोक्यात आणि खोक्यावर जाड चादर. माझ्या दुसऱ्या घाण्यात एक बाटली रात्री दोनला फुटली होती. काच छतात रुतलेली सापडली. आंबणं पूर्ण व्हायच्या आधी भरली होती, चूक माझी. तुमची १.०१० वर स्थिर आहे, तुम्हाला भीती नाही, तरी चादर घाला.

---

काणकोणकार
९ मार्च, दुपारी २:१५

आमच्याकडे काजूचा हंगाम सुरू झाला. उर्राक आली. तुमची दोन महिन्यांची बिअर यायच्या आत आमची दोन पिंपं रिकामी होतील. या.

---

पुणेरी_पाटी
२९ मार्च, सकाळी ११:४०

तीन आठवडे झाले. उघडली का?

---

खटपट्या
२९ मार्च, सकाळी ११:५५

आज अमावस्या. सासूबाई म्हणाल्या आज नाही. उद्या पाडवा, श्रीखंड-पुरी. उद्या तर नाहीच नाही. सोमवारी.

---

खटपट्या
१ एप्रिल, रात्री १२:२०

उघडली.

बाटली आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये ठेवली होती. बुच काढताना "फुस्स" झालं आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघितलं. ग्लास तिरका धरून ओतली. रंग वाळल्या गवतासारखा, पलीकडे ठेवलेल्या वहीवरची अक्षरं वाचता येत होती. फेस दोन बोटं, ग्लास संपेपर्यंत कडेला झालर धरून राहिला. वास पावाच्या कडेचा, मागून साझचा मंद गवती. लोणी नाही. मका नाही. अंडं नाही.

चव? पहिला घोट फार काही वाटला नाही, खरं सांगतो. दोन महिने वाट पाहून हे एवढंसं? एलमध्ये कशी फळं-मसाले-काय काय धावून येतं. हिच्यात लपायला जागाच नाही, सगळं उघडं. तिसऱ्या घोटाला कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला आला आणि लगेच गेला. मग कळलं की ग्लास रिकामा आहे. थोडी पातळ वाटली. पुढच्या वेळी भरड ६७ अंशांवर ठेवीन. व्होडकाचा मागमूस नाही.

सासऱ्यांनी ग्लास हातात घेतला, उजेडात धरला, वास घेतला, परत केला. वहीत लिहिलंय : "बाटली क्र. १. दि. ३१ मार्च. स्वच्छता उत्तम. वास : नाही."

---

रसायनी
१ एप्रिल, सकाळी ९:१०

"वास : नाही." यापेक्षा चांगला शेरा लागरला मिळत नाही.

---

घाईत_आहे
१ एप्रिल, सकाळी ९:४५

मला जुना फ्रीज मिळालाय. छोटा आहे, दहा लिटरचा घाणा बसेल. यीस्ट किती?

---

खटपट्या
१ एप्रिल, संध्याकाळी ६:०५

एक पुडी अख्खी. फ्रीझरमध्ये माझी एक उरली आहे, तिच्यासकट वीस लिटरला दोन टाकणार आहे पुढच्या शनिवारी. सासरे १२ तारखेला निघतायत, त्याआधी घाणा लावायचा असं त्यांनीच ठरवलंय. आणि या वेळी गार करायचं पाणी उतारावर सोडायचं नाही, बादल्यांत भरून कपडे धुवायला वापरायचं, असं वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलंय.

---

वर्धेचा_वाचक
१ एप्रिल, रात्री ८:३०

बाटल्या किती उरल्या?

---

खटपट्या
१ एप्रिल, रात्री ८:४०

वहीप्रमाणे ४५. कपाटात ४३ आहेत. चौकशी चालू आहे.